दुभंगलेले जहाज, अखंड अहवाल : 'टायटॅनिक'च्या साक्षींचे वाचन

'टायटॅनिक' हे जहाज १४ एप्रिल १९१२ च्या रात्री हिमनगावर आदळले आणि त्यानंतर दोन तास चाळीस मिनिटांनी उत्तर अटलांटिक समुद्रात बुडाले. ब्रिटिश चौकशी न्यायालयाने ग्राह्य धरलेल्या आकड्यांनुसार जहाजावर २,२०१ माणसे होती; त्यांपैकी ७११ वाचली. वाचलेल्यांपैकी अनेकांना आधी अमेरिकेत आणि मग इंग्लंडमध्ये शपथेवर प्रश्न विचारण्यात आले. ती प्रश्नोत्तरे शब्दशः नोंदली गेली आणि आज ती समग्र उपलब्ध आहेत. या संहितेची छाननी आजवर प्रामुख्याने इतिहासकारांनी आणि नौकाबांधणीच्या जाणकारांनी केली. त्यांना तीतून 'काय घडले' हे काढून घ्यायचे होते. परंतु साक्ष हा एक कथनप्रकारही आहे. त्याचे निवेदनसंकेत आहेत, त्याचा एक गृहीत श्रोता आहे, आणि कोणाच्या कथनाला प्रामाण्य द्यायचे याचे अलिखित निकष त्याच्या संरचनेतच दडलेले आहेत. हे निकष कसे काम करतात हे पाहण्यासाठी या संहितेतला एकच वाद पुरेसा आहे : जहाज बुडताना मधोमध तुटले, की अखंड बुडाले?

अमेरिकी सिनेटच्या उपसमितीपुढे एडवर्ड बुली, फ्रँक ऑस्मन, फ्रँक एव्हान्स हे खलाशी आणि क्वार्टरमास्टर आर्थर ब्राइट यांनी जहाज तुटल्याचे सांगितले. बुलीने तर घटनेचा क्रमच दिला. जहाज मागच्या धुराड्यापर्यंत पाण्यात गेले, यंत्रे पुढे घसरावीत तसा आवाज झाला, जहाज तुटले, पुढचा भाग खाली गेला आणि मागचा भाग परत येऊन काही वेळ पाण्यावर राहिला. सतरा वर्षांचा जॅक थेयर हा पहिल्या वर्गाचा उतारू जहाजावरून उडी मारून वाचला होता. त्यानेही तेच सांगितले, आणि त्याच्या सांगण्यावरून काढलेली रेखाचित्रे वृत्तपत्रांत छापून आली. याच्या विरुद्ध बाजूला दुसरा अधिकारी चार्ल्स लाइटोलर आणि तिसरा अधिकारी हर्बर्ट पिटमन होते. लॉरेन्स बीस्ली आणि कर्नल आर्चिबाल्ड ग्रेसी या दोन सुशिक्षित उतारूंनी या दुर्घटनेवर पुस्तके लिहिली. तेही याच बाजूचे. सिनेटच्या समितीने विसंगत विधाने झाल्याचे मान्य केले, पण पुराव्याचे पारडे जहाज अखंड बुडाल्याच्या बाजूने झुकते असा निष्कर्ष काढला. लॉर्ड मर्सी यांच्या ब्रिटिश न्यायालयाने ३० जुलै १९१२ च्या अहवालात जहाज दुभंगले नाही असे निःसंदिग्धपणे नोंदवले. वॉल्टर लॉर्ड यांनी वाचलेल्यांच्या प्रत्यक्ष भेटी घेऊन १९५५ साली लिहिलेल्या पुस्तकावरून १९५८ साली चित्रपट निघाला. त्यातही जहाज अखंडच बुडते. १ सप्टेंबर १९८५ रोजी रॉबर्ट बॅलार्ड आणि जाँ-लुई मिशेल यांच्या अमेरिकी-फ्रेंच पथकाला सुमारे ३,८०० मीटर खोलीवर अवशेष सापडले. नाळेकडचा भाग आणि वरामाकडचा भाग एकमेकांपासून सुमारे सहाशे मीटर अंतरावर पडलेले होते.

त्र्याहत्तर वर्षे खलाशी बरोबर होते आणि अहवाल चूक. एवढ्यावरून अधिकाऱ्यांना खोटे पाडणे सोपे आहे. पण हा वाद खरे-खोटे बोलणाऱ्यांचा नाही, आणि संहितेकडे बारकाईने पाहिल्यास ते ध्यानात येते. लाइटोलरने लंडनमध्ये दिलेला नकार दुपदरी आहे. जहाज दुभंगले नाही, असे तो म्हणतो आणि त्याच वाक्यात दुभंगणे शक्यच नव्हते, असेही म्हणतो. पहिले विधान पाहणाऱ्याचे आहे, दुसरे जाणकाराचे. पहिल्यात डोळ्यांचा अधिकार आहे, दुसऱ्यात हुद्द्याचा. साक्ष देता देता साक्षीदार तज्ज्ञाच्या खुर्चीत जाऊन बसतो आणि ही अदलाबदल न्यायालयाला खटकत नाही. त्याहून सूचक आहे तो आवाज. लाइटोलरनेही मोठी घरघर ऐकली होती. बॉयलर आपल्या जागा सोडून आतल्या भिंतींवर कोसळले असावेत, असा अर्थ त्याने लावला. बीस्ली हा विज्ञानशिक्षक. त्यानेही तो आवाज ऐकला, त्याचे वर्णन मोठ्या काळजीने केले, यंत्रसामग्री सुटून घसरल्याचे अनुमान काढले आणि वृत्तपत्रांतली दुभंगलेल्या जहाजाची चित्रे साफ खोटी ठरवली. बुलीनेही यंत्रे घसरल्याचाच दाखला दिला, मात्र तो फक्त उपमेपुरता. तुटण्याचे वर्णन त्याने डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचे म्हणून केले. आवाज एक, उपमान जवळजवळ एक, आणि तरी दोघांची कथने एका बाजूला, तिसऱ्याचे दुसऱ्या बाजूला. फरक पडला तो अनुमान कुठे थांबवायचे याबाबत. खलाशाने ते लवकर थांबवले. ज्यांना जहाजाविषयी अधिक माहिती होती, त्यांच्या माहितीने त्यांच्या डोळ्यांवर मात केली.

दृष्टिकोनाचा मुद्दा येथे शब्दशः भौगोलिक आहे. रात्र चंद्राविना होती, अखेरीस दिवेही गेले. लाइटोलर आणि ग्रेसी स्वतः पाण्यात होते. नंतर दोघांनीही एका उलट्या होडीचा आधार घेतला. बीस्ली दूर होडीत होता. कोणाला काय दिसू शकत होते हा प्रश्न साक्षागणिक वेगळा विचारायला हवा होता. संस्कृत व्याकरणपरंपरेने 'साक्षी' हा शब्द 'साक्षात्'वरून, प्रत्यक्ष पाहणारा या अर्थी साधला आहे. मराठीत मात्र साक्षीला 'जबानी' असेही म्हणतात, आणि तो शब्द जिभेचा आहे. चौकशी न्यायालयाला डोळे तपासायचे होते; प्रत्यक्षात त्याने जीभ तपासली. ज्याचे बोलणे सुसंगत, संथ, सांगोपांग आणि आत्मविश्वासाने भरलेले, त्याचे पाहणेही खरे. बीस्लीचे गद्य आजही वाचनीय आहे. साहित्याच्या अभ्यासकाने येथे थोडे अस्वस्थ व्हावे हे बरे. कारण सुसंगती, एकात्मता, समतोल हेच गुण समीक्षाही दीर्घकाळ साहित्यकृतीच्या सत्यतेची खूण मानत आली आहे. मर्सी यांच्या अहवालात अखंड जहाज आहे, त्याचप्रमाणे अखंड कथनही आहे.

दोन्ही चौकश्यांचा निवेदनव्यूह मात्र सारखा नव्हता. सिनेटर विल्यम ॲल्डन स्मिथ यांनी १९ एप्रिल रोजी, म्हणजे 'कार्पेथिया' जहाज वाचलेल्यांना घेऊन न्यूयॉर्कला पोहोचल्याच्या दुसऱ्याच दिवशी, वॉल्डॉर्फ-ॲस्टोरिया हॉटेलात साक्षी घ्यायला सुरुवात केली. त्यांना समुद्राचे ज्ञान नव्हते. हिमनग कशाचा बनलेला असतो, असे त्यांनी पाचवा अधिकारी हॅरल्ड लो याला विचारले आणि बर्फाचा असावा, असे उत्तर मिळाले, यावर इंग्लंडमधील वृत्तपत्रांनी यथेच्छ टिंगल केली. परंतु कथनाच्या दृष्टीने पाहता अजाण श्रोता हा साक्षीदाराला मिळालेला लाभच होता. अशा श्रोत्यापुढे काहीच गृहीत धरता येत नाही, सगळे मुळापासून सांगावे लागते. पिटमनची साक्ष या दृष्टीने वाचावी. त्याच्या होडीत जागा होती, तरी ती बुडणाऱ्यांकडे परत गेली नाही. त्या वेळच्या हाकांचे, कण्हण्याचे वर्णन स्मिथ पुन्हा पुन्हा विचारतात आणि पिटमन त्याविषयी बोलायला लावू नका अशी विनवणी करतो. तरीही प्रश्न येतच राहतात. हे क्रूर आहे. पण या क्रूरतेमुळेच साक्षीदाराचे न बोलणे कागदावर उतरले. लंडनच्या संहितेत अशा जागा त्या मानाने कमी आढळतात.

लंडनमध्ये मर्सी यांच्यापुढे बोर्ड ऑफ ट्रेडने सव्वीस प्रश्न ठेवले होते. याच बोर्डाचे जीवरक्षक होड्यांविषयीचे नियम १८९४ पासून जवळजवळ तसेच राहिले होते. दहा हजार टन आणि त्यावरील सर्व जहाजे त्यांनी एकाच गटात टाकली होती, आणि 'टायटॅनिक' ४६ हजार टनांहून मोठे होते. त्याच्या वीस होड्यांत १,१७८ माणसांची सोय होती आणि नियमानुसार ती पुरेशीहून अधिक होती. ज्याच्या कारभाराची चौकशी व्हायची, तोच प्रश्नकर्ता. जोसेफ कॉनरॅड यांनी त्याच वर्षी 'इंग्लिश रिव्ह्यू'मध्ये लिहिलेल्या दोन निबंधांत या कारभारावर कडक टीका केली. दर्यावर्दी लेखकाचा राग त्यांत लपलेला नाही. पुढे १९३५ साली लाइटोलरनेही आपल्या आत्मचरित्रात त्या चौकशीत आपण सफेदी करण्याचे काम केले, अशा अर्थाची कबुली दिली. २ मे ते ३ जुलै या काळात छत्तीस दिवस कामकाज झाले, पंचवीस हजारांहून अधिक प्रश्न विचारले गेले. जहाज कंपनीचे अध्यक्ष ब्रूस इस्मे यांना वगळल्यास उतारूंपैकी केवळ दोघांची साक्ष झाली : सर कॉस्मो डफ-गॉर्डन आणि त्यांच्या पत्नीची. चाळीस माणसांच्या होडीतून बारा जण गेले आणि सर कॉस्मो यांनी खलाशांना पाच-पाच पौंड देऊ केले, त्या प्रकरणाचा खुलासा त्यांना करायचा होता. तिसऱ्या वर्गाचा एकही उतारू बोलावला गेला नाही.

मर्सी यांच्याच आकड्यांनुसार पहिल्या वर्गातल्या ३२५ जणांपैकी २०३ वाचले, तिसऱ्या वर्गातल्या ७०६ जणांपैकी १७८. तिसऱ्या वर्गातल्या ७९ मुलांपैकी २७ वाचली. या तफावतीचे कारण अहवालाने तिसऱ्या वर्गाच्या स्वभावात आणि जागेत शोधले : जहाज सोडण्याची त्यांची नाखुशी, सामानाचा मोह, आपल्या भागातून वर येण्यातली अडचण. त्यांना अन्यायाने वागवल्याचा पुरावा नाही, असे त्यात म्हटले आहे. त्यांची बाजू मांडणारे वकील हार्बिन्सन यांनीही तसा पुरावा पुढे आलेला नाही, हे स्वतःच नमूद केले. तो कोठून यावा? तिसऱ्या वर्गाविषयी मुख्यत्वे बोलला तो त्या वर्गाचा कारभारी जॉन हार्ट. त्याने दोन जमाव होड्यांच्या डेकपर्यंत नेले होते आणि त्याच्या सांगण्यावर शंका घेण्याचे कारण नाही. परंतु एका माणसाने वर आणलेल्यांच्या कथेवरून खाली राहिलेल्यांची कथा ठरवली गेली. 'पुरावा नाही' आणि 'पुरावा मागितला नाही' या दोन वाक्यांतले अंतर अहवालाच्या भाषेने बुजवून टाकले.

साक्षकथनाच्या आधुनिक सिद्धांताचा येथे विचार करणे भाग आहे. शोशाना फेलमन आणि डोरी लाउब यांच्या १९९२ सालच्या ग्रंथात लाउब यांनी आउशविट्झमधून वाचलेल्या एका स्त्रीची हकीकत दिली आहे. कैद्यांच्या उठावात चार धुराडी उडाल्याचे ती सांगते. प्रत्यक्षात एकच उडाले होते, म्हणून तिची साक्ष निरुपयोगी, असे इतिहासकार म्हणतात. लाउब तिचा बचाव करतात. तिची साक्ष धुराड्यांच्या संख्येविषयी नसून जे कल्पनेपलीकडचे होते ते घडले याविषयी आहे, असा त्यांचा युक्तिवाद. हे वाचन हृद्य आहे, आणि त्यानंतर साक्षीसाहित्याची समीक्षा बऱ्याच अंशी याच वाटेने गेली. पण १९८५ पूर्वी बुलीची किंवा थेयरची साक्ष या पद्धतीने वाचली असती तर काय झाले असते? जहाजाचे दुभंगणे हे मग यंत्रयुगावरच्या श्रद्धेच्या दुभंगण्याचे रूपक ठरले असते. भयभीत मनाने घडवलेली प्रतिमा म्हणून तिची वाखाणणी झाली असती. वाचन देखणे झाले असते आणि साक्षीदाराने जे सांगितले होते नेमके तेवढेच त्यातून वगळले गेले असते. इव्हा हार्ट अपघाताच्या वेळी सात वर्षांची होती. जहाज तुटताना आपण पाहिले, हे ती म्हातारपणापर्यंत सांगत राहिली आणि तिला चुकीचे ठरवले जात राहिले. तिच्यापुढे रूपकाची सवलत ठेवली असती, तर तो तिच्यावरचा दुसरा अविश्वास झाला असता, अधिक सभ्य भाषेतला.

न्यायपरंपरेत आप्ताचे वचन हे शब्दप्रमाण. वात्स्यायनाने आपल्या भाष्यात आप्ताचे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखेच लागू असल्याचे म्हटले आहे. ज्याने वस्तू प्रत्यक्ष जाणली आहे आणि जशी जाणली तशी सांगण्याची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. त्याचा वर्ग कोणता, हा प्रश्न नंतरचाही नाही. व्यवहारात त्या परंपरेनेही हे लक्षण किती पाळले, हा वेगळा विषय आहे. परंतु कसोटी म्हणून ती लाउब यांच्या औदार्यापेक्षा कडक आहे आणि साक्षीदाराचा मान अधिक राखणारी आहे, कारण ती त्याला चुकण्याचाही अधिकार देते. जो तथ्याविषयी बोलतो असे मानले जाते, तोच चुकू शकतो.

प्रत्येक साक्षीसाठी समुद्रतळ धावून येणार नाही, हेही खरे. स्मिथ यांच्यापुढे तिसऱ्या वर्गातले तिघे बोलले; त्यांतला आयरिश तरुण डॅनियल बकली याने वर जाण्याच्या वाटेवरचे फाटक एका खलाशाने बंद केले आणि उतारूंनी ते मोडले, असे सांगितले. आपण होडीत घुसलो, रडलो आणि एका बाईने आपल्या अंगावर शाल टाकल्यामुळे बचावलो, हेही त्याने सांगितले. स्वतःची नामुष्की सांगणारा माणूस बाकीचेही खरेच सांगेल, असा नियम नाही. तरीही या दोन विधानांना एकाच साक्षीत शेजारी ठेवून वाचणे आणि हार्टच्या साक्षीसमोर त्यांना उभे करणे, एवढे काम वाचकाला करता येते. लंडनच्या न्यायालयाला ते करावे लागले नाही, कारण बकली तेथे नव्हता.

आणि काहींना तर दोन्हीकडे जागा नव्हती. जहाजावर आठ चिनी माणसे होती, त्यांतली सहा वाचली. त्यांपैकी चौघे ज्या होडीत होते, त्याच होडीतून ब्रूस इस्मे वाचले. उजाडल्यावर होडीत चार माणसे दिसली, ती चिनी किंवा फिलिपिनो असावीत, असे होडीवरचा क्वार्टरमास्टर जॉर्ज रो याने सांगितले. इस्मे यांनीही त्यांचा उल्लेख केला. वृत्तपत्रांनी त्यांना लपून बसलेले भित्रे ठरवले. अमेरिकेच्या चिनीबंदी कायद्यामुळे त्यांना न्यूयॉर्कच्या धक्क्यावर मोकळे उतरू दिले नाही. लगोलग दुसऱ्या जहाजावर चढवून पुढे पाठवण्यात आले. ते होडीत कसे आले, हे स्मिथ आणि मर्सी या दोघांपैकी कोणीही त्यांना विचारले नाही.