चमत्कारांच्या प्रयोगात काय राहून जाते?

मुरुम हे उमरगा तालुक्यातले, कर्नाटकाच्या सीमेलगतचे बाजारपेठेचे गाव. तेथील एका शाळेत ‘चमत्कारांमागील विज्ञान’ अशा स्वरूपाचा कार्यक्रम आम्ही मध्यंतरी पाहिला. पाहुण्यांनी लिंबू कापले, त्यातून लाल रस टपकला. मंत्र पुटपुटत त्यांनी काडी न लावता होम पेटवला. मग प्रत्येक ‘चमत्कारा’मागचे रसायन सांगितले, बुवाबाजीला बळी न पडण्याची शपथ दिली आणि तासाभरात कार्यक्रम आटोपला. मुले खूश होती.

अशा कार्यक्रमांमागे मोठी परंपरा आहे आणि मोठी किंमतही आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी १९८९ साली स्थापन केलेल्या महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी हे प्रयोग गावोगाव नेले. २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात डॉ. दाभोलकरांची हत्या झाली. या कामाविषयी आम्हाला आदर आहे. पण शाळेत आल्यावर त्याला शिक्षणाच्या कसोटीवरही उतरावे लागते, आणि तेथे ते थोडे अपुरे पडते असे आमचे मत झाले.

कार्यक्रमानंतर आम्ही नववीच्या काही मुलांना विचारले, “लिंबातून रक्त का आले?” उत्तर एका सुरात आले, “मिथिल ऑरेंज!” मग विचारले, “त्याच सुरीने बटाटा कापला असता तर?” सगळे गप्प. मुलांना नाव कळले होते, कारण कळले नव्हते. ‘मंत्रामुळे’ या शब्दाच्या जागी ‘मिथिल ऑरेंजमुळे’ हा शब्द आला, एवढेच. दोन्ही उत्तरे मोठ्यांनी सांगितली म्हणून मानलेली!

खरे तर हा प्रयोग फार गुणी आहे. मिथिल ऑरेंज हा दर्शक सामू ३.१ च्या खाली लाल आणि ४.४ च्या वर पिवळा दिसतो. लिंबाच्या रसाचा सामू २ ते ३ असतो, म्हणून सुरीवर वाळलेला दर्शक रसात भिजताच लाल होतो. बटाट्याचा सामू ६ च्या आसपास, तेथे ‘रक्त’ येणार नाही. चिंच मात्र आंबट, तिच्या कोळात लाली दिसेल. घरातली हळद याच्या उलट वागते. ती आम्लात पिवळीच राहते आणि चुन्याच्या निवळीत लाल होते. हळदीपासून कुंकू करण्याची जुनी रीत याच गुणावर उभी आहे. तेव्हा मुलांना आधी अंदाज लिहायला लावावा : कोणत्या सुरीने काय कापले तर कोणता रंग येईल? मग कापून पाहावे. साध्या, न माखलेल्या सुरीनेही एक लिंबू कापावे. (ही फळे खाऊ नयेत, आणि ती सुरी स्वयंपाकघरात नेऊ नये.)

होमाचेही तसेच. पोटॅशियम परमँगनेटवर ‘तूप’ म्हणून ग्लिसरीन ओतले की काही सेकंदांनी ज्वाला उठते. भुकटी बारीक असेल तर लवकर, खडे मोठे असतील किंवा हवा थंड असेल तर उशिरा. म्हणजे मंत्र किती लांबवायचा हे अभिक्रियेचा वेग ठरवतो! हा प्रयोग मात्र शिक्षकांनीच, चिमूटभर पदार्थ घेऊन, मुलांना दूर बसवून करावा. जिभेवर कापूर जाळण्याचा प्रयोग तर शाळेतून काढूनच टाकावा. नक्कल करताना मूल भाजले, तर विज्ञानाची बाजू सांगायला तोंड राहणार नाही.

२१ सप्टेंबर १९९५ रोजी देशभर गणपती दूध पिऊ लागला, तेव्हा शास्त्रज्ञांनी दुधात रंग मिसळून चमचा मूर्तीला लावला. दूध मूर्तीच्या अंगावरून खाली ओघळते, हे रंगामुळे सर्वांना दिसले. ‘पृष्ठताण’ हा शब्द त्यानंतर कामाला आला. आधी युक्तीने विचारलेला प्रश्न, मग संज्ञा, हा क्रम शिक्षकांनी ध्यानात ठेवावा.

दुसरी उणीव पैशाविषयी. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात तथाकथित चमत्कार दाखवून पैसा मिळवणे हा गुन्हा आहे. त्याला सहा महिने ते सात वर्षे कैद आणि ५,००० ते ५०,००० रुपये दंड अशी शिक्षा आहे. सीमेपलीकडे कर्नाटकातही २०१७ साली असा कायदा झाला. कार्यक्रमात यातले काहीच आले नाही. उलट ‘जादूगार सगळे लबाड’ असे एक वाक्य येऊन गेले. ते आम्हाला खटकले. बाजारात खेळ करणारा जादूगार हातचलाखीच विकतो आणि आपणही तिचेच पैसे देतो. पुण्याच्या जादूगार रघुवीरांनी याच कलेवर नाव मिळवले. मृतांशी बोलण्याचा दावा करणाऱ्यांचे बिंग १९२० च्या दशकात अमेरिकेत फोडणारा हुडिनी जादूगारच होता. १९७४ साली निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या कल्पनारम्य खेळात तर छोट्या मंत्रांचेही नियम पुस्तकात छापलेले असतात. असा मंत्र येणारा मांत्रिक दिवसाला किती कमावेल, यावर खेळाडू मजेने हिशेब मांडू शकतात. बुवाच्या खेळात नियम एकट्या बुवालाच ठाऊक असतात, आणि समोरचा माणूस आपण खेळात आहोत हे जाणतही नाही. फसवणूक ती येथे.

हिशेबाची ही सवय वर्गातही लावता येईल. पैसे दुप्पट करून देणारा माणूस एका रुपयाने सुरुवात करील, तर तीस दुपटींनंतर त्याच्याकडे १०७ कोटी ३७ लाख ४१ हजार ८२४ रुपये होतील. मग तो आपल्या दारी हजार रुपये मागायला कशाला येईल? आठवीच्या घातांकाच्या धड्यात हे गणित सहज बसते. ज्या घरात आजारपण आहे किंवा पीक बुडाले आहे, त्या घरातल्या मुलाला हा प्रश्न वेळेवर सुचला तर घरातले दागिने वाचतील.

म्हणून आमची सूचना साधी आहे. पाहुण्यांचा कार्यक्रम अवश्य ठेवावा. पण दुसऱ्या दिवशीचा विज्ञानाचा तास त्यासाठी राखून ठेवावा, आणि त्या तासाला लिंबाबरोबर एक बटाटाही न्यावा.