‘गिग कामगार’ : एका व्याख्येची चिकित्सा

कायद्यातील व्याख्या केवळ अर्थ सांगत नाही; कोणास कोणत्या न्यायासनापुढे उभे राहता येईल, हेही ती ठरविते. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी चार श्रमसंहिता अंमलात येऊन २९ केंद्रीय कायद्यांची जागा त्यांनी घेतली. त्यांपैकी सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मधील ‘गिग कामगार’ ही संज्ञा या दृष्टीने तपासण्याजोगी आहे. पारंपरिक मालक-कामगार संबंधाबाहेर काम करून त्यातून कमाई करणारी व्यक्ती, असा तिचा आशय आहे.

विशेषण सामान्यतः नामाची व्याप्ती आकुंचित करते. ‘गिरणी कामगार’ हा कामगारच असतो. काही विशेषणे मात्र नामाला त्याच्या वर्गाबाहेर नेतात. ‘मानलेला भाऊ’ राखी बांधून घेतो, वारसा सांगत नाही. ‘गिग’ हे विशेषण या दुसऱ्या जातीचे होय. नाव कामगाराचे लाभते. पण कामावरून कमी केल्यास औद्योगिक न्यायाधिकरणाकडे दाद मागण्याचा अधिकार त्या नावाबरोबर येत नाही.

प्रश्न जुनाच आहे. मिठागरांतील अगरियांना मिठाच्या वजनावर मोबदला मिळे व हाताखाली माणसे घेण्याची मुभाही असे. तरी १९५६ साली धरांगध्रा केमिकल वर्क्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना कामगारच मानले. कामाच्या पद्धतीवर नियंत्रण ठेवण्याचा अधिकार कोणाचा, ही तेथील कसोटी होती; आणि तिचे उत्तर वस्तुस्थितीतून शोधावयाचे होते. उबरच्या चालकांविषयी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये हीच दिशा धरली : करारातील शब्दांपासून नव्हे, तर कायद्याच्या हेतूपासून विचारास आरंभ करावा.

संहितेचे श्रेय नाकारता येत नाही. मध्यस्थ कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के अंशदान द्यावे, अशी तरतूद तिने केली आहे. परंतु अंशदानाने संबंधाचे स्वरूप ठरत नाही.

व्याख्येतील खरी अडचण ‘पारंपरिक’ या शब्दात आहे. संहिता त्याचा अर्थ सांगत नाही. आणि सीमा निश्चित झाल्याखेरीज ‘बाहेर’ या शब्दास अर्थ येत नाही. म्हणजे एखादी व्यक्ती गिग कामगार आहे असे म्हणण्यापूर्वी ती कामगार नाही, हे पुराव्याने ठरावे लागते. व्याख्या त्या चौकशीचा निष्कर्ष नोंदवू शकते. तिची जागा घेऊ शकत नाही. न्यायालयांनी नावालाच निर्णय मानल्यास अगरियांना १९५६ साली मिळालेली चौकशी आजच्या वाटपगाराच्या वाट्यास येणार नाही.