प्रोसेशनल
प्रोसेशनल : ऑर्गन या वाद्यासाठी वेल्श संगीतरचनाकार विल्यम मथायस (१९३४–९२) याने १९६४ मध्ये लिहिलेली छोटी समारंभीय रचना. वादनकाल सुमारे तीन मिनिटे. मिरवणुकीचे संगीत संथ व भारदस्त असावे, असा सर्वसाधारण संकेत आहे. मथायसने मात्र येथे नृत्याला जवळचा असा चपळ ठेका योजिला आहे. ऑर्गनवर तो साधणे सोपे नाही. या वाद्याची पट्टी जोराने दाबली वा हळुवारपणे, नाद सारखाच उमटतो. पियानोप्रमाणे बोटांच्या दाबाने आघात देता येत नाही. मथायसने तुटक स्वरमेळ व त्यांमधील अल्प विराम यांतून आघाताचा आभास निर्माण केला आहे. त्यामुळे मोठ्या चर्चमधील दीर्घ निनादातही लय स्पष्ट राहते. मात्र वादकाने हे विराम गाळल्यास रचनेचा प्राणच हरपतो. तिच्या लहान आवाक्यात स्वरकल्पनांच्या विस्ताराला फारसा वाव नाही, ही तिची मर्यादा होय. तथापि १९८१ मध्ये लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलमधील राजविवाहासाठी मथायसने रचलेल्या स्तोत्रगीतात आढळणारी उत्फुल्ल लयबद्धता या प्रारंभीच्या रचनेतही प्रत्ययास येते. समारंभाची प्रतिष्ठा राखूनही तीत प्रसन्नता टिकून आहे, हे तिचे वैशिष्ट्य.