वार्धक्यातील दृष्टिसुधार आणि चालणे : ठाणे व कल्याण-डोंबिवलीच्या संदर्भात एक चिकित्सा

वार्धक्यातील दृष्टिदोषाचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने वाचनाच्या अंगाने केला जातो. स्नेलेन यांनी १८६२ मध्ये तयार केलेल्या अक्षरतक्त्यावरील खालची ओळ वाचता आली की चष्मा योग्य ठरतो. १९७६ पासूनच्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमातही यशाचे मोजमाप मुख्यतः शस्त्रक्रियांची संख्या व तक्त्यावरील दृष्टी यांवरून झाले. परंतु तक्ता बसून वाचला जातो, पायरी मात्र चालत उतरावी लागते. हा भेद दुर्लक्षित राहिला आहे.

दृष्टी सुधारली की पडणे कमी होते, हे गृहीतक सर्वस्वी खरे नाही. नॉटिंगहॅम येथील २००५ च्या अभ्यासात मोतीबिंदूची पहिली शस्त्रक्रिया लवकर झालेल्या वृद्ध स्त्रियांमध्ये पडण्याचे प्रमाण ३४ टक्क्यांनी घटले. याउलट, सिडनी येथील २००७ च्या अभ्यासात नेत्रतपासणी करून आवश्यकतेनुसार नवे चष्मे व उपचार दिलेल्या गटात पडण्याचे प्रमाण ५७ टक्क्यांनी अधिक आढळले. ही विसंगती केवळ वरवरची आहे. मोतीबिंदू काढल्याने प्रतिमा स्पष्ट होते. भिंगाचा क्रमांक एकदम बदलल्यास पायरीचे भासमान स्थानही बदलते. बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह चष्म्याचा खालचा भाग जवळच्या वाचनासाठी असल्याने त्यातून पायरीची कड अंधूक दिसते.

ठाणे, डोंबिवली व कल्याण स्थानकांच्या संदर्भात हा मुद्दा गंभीर ठरतो. सरकते जिने व लिफ्ट आल्या असल्या, तरी गर्दीत पादचारी पुलाच्या पायऱ्या उतरणे ज्येष्ठांना अनेकदा टाळता येत नाही. मागून लोंढा येत असताना पायरी चाचपडण्याइतकी उसंत मिळत नाही. पदपथावरील उखडलेले पेव्हर ब्लॉक ही आणखी एक अडचण होय.

मग सर्वांनाच चालण्यासाठी दूरदृष्टीचा स्वतंत्र चष्मा द्यावा काय? २०१० च्या ऑस्ट्रेलियन अभ्यासानुसार अशा चष्म्याचा लाभ नियमित घराबाहेर वावरणाऱ्यांना झाला. क्वचितच बाहेर पडणाऱ्यांमध्ये मात्र बाहेर पडण्याच्या दुर्घटना वाढल्या. म्हणजेच मासुंदा तलावाभोवती रोज फेरी मारणाऱ्या आजोबांना जो सल्ला हितकारक, तोच डोंबिवलीतील घरातच वावरणाऱ्या आजींना अपायकारक ठरू शकतो. अर्थात, हे निष्कर्ष परदेशातील असल्याने ते येथे जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. उपनगरी स्थानकांचा अनुभव लक्षात घेणारे स्थानिक संशोधन आवश्यक आहे.

तोपर्यंत नेत्रशिबिरांत ‘अक्षर दिसते का?’ यासोबतच ‘आपण कोठे व कसे चालता?’ हा प्रश्नही विचारला जावा. पायऱ्यांच्या कडा ठळक रंगविणे हे तर स्थानिक प्रशासनाच्या सहज आवाक्यातील आहे. दृष्टिसुधाराचे खरे मूल्यमापन तक्त्यावर नव्हे, तर जिन्यावरच होऊ शकेल.