नमुन्यात कोण आलंच नाही?

समलिंगी पुरुष आणि एचआयव्ही या विषयावरचे पेपर वाचायला घेतलेत, तर इलन मायर यांचं २००३ चं ‘मायनॉरिटी स्ट्रेस’ मॉडेल तुम्हाला हमखास भेटेल. मूळचं ते मानसिक आरोग्याबद्दलचं. एचआयव्हीवाल्यांनी ते उचललं. भेदभाव, लपवाछपवी, स्वतःचीच वाटणारी लाज यांचा ताण साठत जातो आणि आपल्यासारख्या माणसांचा आधार तो हलका करतो, अशी मांडणी. मला ती पटते.

खटकतं ते पुढचं. आपल्याकडे अशा अभ्यासांतले सहभागी बऱ्याचदा संस्थांमार्फत, एकाच्या ओळखीने दुसरा असे मिळतात. म्हणजे मोजायचा समुदायाचा आधार, आणि माणसं निवडायची समुदायातूनच! लग्न झालेला, कुणालाच काही न सांगितलेला, तपासणी केंद्राच्या दारातून परत फिरणारा पुरुष यात येणार कसा? मग ‘समुदायाशी जोडलेल्यांना धोका कमी’ हा निष्कर्ष नेमका कुणाबद्दलचा?

शिवाय आधार देणारे तरी कुठे मोकळे होते? २००१ मध्ये लखनौत एचआयव्ही प्रतिबंधाचं काम करणाऱ्या चौघांना कलम ३७७ लावून अटक झाली; ४७ दिवस ते तुरुंगात होते. कंडोम देणारा माणूसच आत गेला, तर ‘जोखमीचं वर्तन’ एकट्या व्यक्तीच्या नावावर कसं टाकायचं? बरेच पेपर तेच करतात. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांचे संमतीचे संबंध त्या कलमातून बाहेर काढले. घरच्यांची भीती मात्र प्रश्नावलीत अजूनही ‘हो/नाही’च्या चौकटीत कोंबलेली दिसते.

पुढचा पेपर उघडलात की निष्कर्षाआधी सॅम्पलिंगचा परिच्छेद वाचा. तो बहुतेक चार ओळींचाच असतो.