गाण्याऐवजी आख्यान : ‘स्लिंट’ची अल्पायुषी कारकीर्द

‘पोस्ट-रॉक’ ही संज्ञा इंग्लिश समीक्षक सायमन रेनल्ड्स यांनी १९९४ मध्ये रूढ केली. रॉकची वाद्ये रॉकबाह्य हेतूंसाठी योजणारे संगीत, असा तिचा आशय. या प्रवाहात शब्द गौण असतो, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. अमेरिकेतील लुईव्हिल येथे १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘स्लिंट’ या बँडची कारकीर्द या समजाला छेद देते. ‘ट्वीझ’ (१९८९) आणि ‘स्पायडरलँड’ (१९९१) हे त्याचे दोनच अल्बम. दुसरा प्रसिद्ध होण्यापूर्वीच बँड विसर्जित झाला होता.

‘स्पायडरलँड’मध्ये शब्द लोपत नाहीत, ते प्रामुख्याने गायले न जाता सांगितले जातात. ‘गुड मॉर्निंग, कॅप्टन’ या अखेरच्या रचनेतील, जहाज फुटूनही वाचलेला कप्तान कोलरिजच्या वृद्ध खलाशाचे स्मरण करून देतो. मात्र खलाशाला खिळून राहिलेला श्रोता लाभतो. कप्तान बंद दाराबाहेरून आत घेण्याची विनवणी करतो. आपल्या कीर्तनातील आख्यानही गद्य कथन आणि गायन यांच्या सीमेवर रंगते. परंतु त्याचा उत्कर्ष श्रोत्यांच्या गजरात विसावतो. येथे कुजबुजीतून उसळलेली किंकाळी एकाकीच राहते. म्हणूनच या अल्बमचा विचार संगीतसमीक्षेइतकाच कथनमीमांसेनेही करावयास हवा.