गाठीचा ताप आणि आपले वाङ्मय

आपल्या सीमाभागातल्या जुन्या माणसांची कालगणना वेगळी होती. अमक्याचा जन्म कधीचा, तर पहिल्या प्लेगनंतरचा. तमके घर कधी बांधले, तर गाव रानातून परत आले त्या साली. ज्या रोगाने माणसांना असे पंचांग दिले, त्या रोगाला आपल्या वाङ्मयाने काय दिले, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. 2020 साली करोनाची साथ आली, तेव्हा कामूच्या ‘द प्लेग’ची (1947) आठवण अनेकांनी काढली. त्यात गैर काही नाही. परंतु ज्या मुलखात 1896 नंतरच्या तीसेक वर्षांत प्लेगने वारंवार गावे ओस पाडली, त्या मुलखाच्या वाचकाला प्लेग समजून घेण्यासाठी अल्जीरियातल्या ओरान शहरापर्यंत जावे लागावे, ही गोष्ट मला खटकली. म्हणून मी घरातली दोन पुस्तके पुन्हा काढली. एक मराठी, लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. दुसरे कन्नड, यू. आर. अनंतमूर्तींची ‘संस्कार’. घरात मराठी आणि शाळेत कन्नड अशा वातावरणात वाढलेल्या माणसाला दोन्ही पुस्तके आपलीच वाटतात, आणि ती शेजारीशेजारी ठेवून वाचण्याचा अधिकारही बहुधा आपल्यालाच आहे.

आधी रोगाविषयी थोडे सांगितले पाहिजे; कारण रोग नीट ठाऊक नसेल तर रोगावरचे पुस्तकही नीट वाचता येत नाही. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग. त्याचा जंतू 1894 साली हाँगकाँगमध्ये येर्सां या शास्त्रज्ञाने शोधला. मुंबईत मांडवी भागात सप्टेंबर 1896 मध्ये हा रोग प्रथम ओळखला तो डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी. तो उंदरावरच्या पिसवेमार्फत माणसात येतो, हे सिमाँ याने 1898 साली कराचीत दाखवले. पण वैद्यकीय जगाने ते मान्य करायला आणखी काही वर्षे घेतली. उंदीर मेला आणि त्याचे अंग गार पडले की पिसू त्याला सोडते आणि जवळ जे ऊबदार शरीर असेल ते गाठते. माणसाला थंडी वाजून ताप भरतो, जांघेत किंवा काखेत गाठ येते. उपचार नसेल तर अशा रोग्यांपैकी निम्मे किंवा त्याहून अधिक दगावतात. जंतू फुप्फुसात गेला तर रोग खोकल्यातून थेट माणसाकडून माणसाकडे जातो, आणि तो प्रकार त्याहून घातक.

‘उंदीर पडले’ हा आपल्या बोलीतला शब्दप्रयोग या दृष्टीने पाहण्यासारखा आहे. आधी उंदीर पडतात, काही दिवसांनी माणसे, हा क्रम खेड्यातल्या बाईला पिसवेचे शास्त्र ठाऊक नसतानाही ठाऊक होता. उंदीर पडले की घर सोडायचे आणि रानात झोपडी घालायची, हा शहाणपणाही त्यातूनच आला, आणि शास्त्राच्या कसोटीला तो उतरतो. पिसवा राहतात त्या घरात. माणूस घराबाहेर पडला की बराचसा वाचतो. त्या काळच्या वृत्तपत्रांनी रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे भारदस्त नाव दिले. लोकांनी ‘गाठीचा ताप’ म्हटले. मला लोकांचे नाव अधिक नेमके वाटते.

आता मराठी वाङ्मयाकडे येऊ. प्लेग म्हटले की मराठी मनात पहिले काय येते? पुण्याचा रँड, गोऱ्या शिपायांची घरझडती, चापेकर बंधू आणि 22 जून 1897 ची रात्र. त्याच तारखेच्या नावाचा जयू आणि नचिकेत पटवर्धन यांचा चित्रपट 1979 साली आला. हा इतिहास खरा आहे आणि तो सांगितला गेलाच पाहिजे. फेब्रुवारी 1897 च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती जे अधिकार दिले, ते पुण्यात कसे वापरले गेले हे विसरता येणार नाही. पण माझी तक्रार अशी की या कथेत प्लेग हा नुसता पडदा होऊन बसतो. त्यापुढे जुलूम आणि प्रतिकार यांचे नाटक चालते; रोगी कोण, त्याला पाणी कोणी पाजले, हे कोणी विचारत नाही. टिळकांना झालेली राजद्रोहाची शिक्षा शाळकरी मुलालाही पाठ असते. त्याच साथीत ते पुणे सोडून गेले नाहीत आणि त्यांनी रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला, हे किती जणांना आठवते? सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या एका आजारी मुलाला पाठीवर घेऊन दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांच्या दवाखान्यात आल्या आणि त्याच रोगाने 10 मार्च 1897 रोजी गेल्या. मराठी प्लेगकथेच्या केंद्रस्थानी खरे तर ही घटना असायला हवी होती. ती बराच काळ चरित्रांच्या शेवटच्या पानावर राहिली.

या पार्श्वभूमीवर ‘स्मृतिचित्रे’चे मोल कळते. 1934 पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या आत्मकथनात नगरच्या प्लेगचा भाग आहे. आजारी मुलींच्या शुश्रूषेसाठी लक्ष्मीबाई छावणीत राहिल्या. या भागात मला दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, लेखिका रोगाला राक्षस करीत नाही आणि स्वतःला देवीही करीत नाही. दुसरी, तिथे प्लेग हे काम आहे: उशाशी बसण्याचे, भीती गिळण्याचे. मराठी गद्यात मृत्यूच्या इतक्या जवळ इतकी साधी भाषा क्वचित सापडते. समीक्षकांनी या पुस्तकाच्या विनोदाचे कौतुक भरपूर केले आहे. पण विनोद हा या बाईंचा धीर टिकवण्याचा मार्ग होता, हे ही पाने वाचताना जसे जाणवते तसे अन्यत्र जाणवत नाही. मर्यादाही सांगितली पाहिजे. छावणीच्या आतले चित्र जेवढे जिवंत, तेवढे बाहेरचे गाव अस्पष्ट. रोग एका वस्तीत का शिरला, दुसरीत का नाही, हा प्रश्न आत्मकथनाच्या कक्षेत येत नाही, आणि तो यावा असा आग्रहही धरता येणार नाही.

नेमका तोच प्रश्न ‘संस्कार’मध्ये येतो. 1965 सालची ही कादंबरी. 1970 साली पट्टाभिराम रेड्डी यांनी तिच्यावर चित्रपट केला आणि गिरीश कार्नाडांनी प्राणेशाचार्यांची भूमिका केली. गोष्ट बहुतेकांना माहीत आहे. दुर्वासपूर नावाच्या अग्रहारात नारणप्पा हा आचारभ्रष्ट ब्राह्मण मरतो आणि त्याचे दहन कोणी करायचे यावर गाव अडून बसते. प्रेत घरात, त्यामुळे सारा अग्रहार उपाशी. आणि शास्त्र जाणणारे प्राणेशाचार्य पोथ्यांमध्ये उत्तर शोधत राहतात.

या कादंबरीवर जे लिहिले गेले त्यात अस्तित्ववाद आहे, परंपरा आणि आधुनिकता आहे, ब्राह्मण्याची चिकित्सा आहे. प्लेग मात्र बहुतेक ठिकाणी ‘प्रतीक’ एवढ्या एका शब्दात उरकला जातो: सडलेल्या समाजाचे प्रतीक. माझे म्हणणे असे की प्लेग येथे आधी प्लेग आहे, मग जमल्यास प्रतीक. पुरावा अगदी सुरुवातीलाच आहे. नारणप्पाची रखेल चंद्री येऊन सांगते: शिवमोग्ग्याहून आले, अंथरूण धरले, चार दिवस ताप, अंगावर दुखरी गाठ. याहून स्पष्ट निदान कोणत्या डॉक्टरने करावे? प्रवास, ताप, गाठ, चार दिवसांत मृत्यू. सगळे त्या बाईच्या तोंडून सांगून झालेले आहे आणि जमलेल्या एकाही विद्वानाच्या कानात ते शिरत नाही. कारण बोलणारी बाई कोण, हे आधी पाहिले जाते. पुढे उंदीर गरगर फिरून मरू लागतात, छपरांवर गिधाडे बसतात. लोक अपशकुन म्हणून ताटे वाजवून त्यांना हाकलतात. मेलेले उंदीर खायला गिधाडे आली, एवढी साधी संगती कोणी लावत नाही. प्लेगचा संशय बोलून दाखवला जातो तो शेजारच्या पारिजातपुरात, म्हणजे ज्यांना दुर्वासपूरवाले आपल्याहून हलके मानतात त्यांच्या वस्तीत.

अनंतमूर्तींनी येथे जी गोष्ट पकडली ती वैद्यकाच्या पुस्तकात मिळत नाही. साथ पसरते ती केवळ अज्ञानाने नव्हे, कोणाचे ऐकायचे आणि कोणाचे नाही याच्या सवयीनेही पसरते. अग्रहाराबाहेरच्या अस्पृश्य वस्तीतही माणसे त्याच तापाने मरत आहेत, आणि तिथे झोपडीसकट प्रेत जाळले जाते. अग्रहारातल्या कोणाला त्या मरणांचा आणि आपल्या मरणांचा संबंध दिसत नाही. पिसवेला मात्र सोवळेओवळे नसते. शेवटी नारणप्पाचे प्रेत रात्री गुपचूप जाळले जाते ते चंद्री आणि एक मुसलमान मासेविक्रेता यांच्या हातून. ज्यांना धर्माने अधिकार नाही, त्यांनी माणुसकीचे आणि, नकळत का होईना, आरोग्याचेही काम केले.

‘संस्कार’ निर्दोष आहे असे मात्र मी म्हणणार नाही. उत्तरार्धात आचार्य गाव सोडून भटकू लागतात आणि कादंबरीही त्यांच्याबरोबर निघून जाते. मागे अग्रहारात काय झाले, कोण वाचले, हे आपल्याला कळत नाही. आचार्य मेळिगेच्या जत्रेत जाऊन पंक्तीत बसतात तेव्हा त्यांच्या मनात भय असते सुतकाचे: पत्नी नुकतीच वारलेली, आपण विटाळ घेऊन देवळात जेवलो, कोणी ओळखले तर? प्लेगच्या गावातून आलेला माणूस कपड्यांतून पिसवाही आणू शकतो, हा विचार त्यांना शिवत नाही. हे पात्राच्या दृष्टीने बरोबरच आहे. प्रश्न आहे तो लेखकाचा. सुतक आणि संसर्ग या दोन कल्पनांमधला फरक दाखवण्याची इतकी उत्तम संधी समोर असताना कादंबरी आचार्यांच्या अंतर्मनात गुंतून राहते. 2020 नंतर ही पाने वाचताना मला ही उणीव अधिक जाणवली. स्पर्श टाळणे म्हणजेच स्वच्छता, हा आपला जुना गोंधळ त्या साथीत पुन्हा डोके वर काढून गेला, हे आपण सर्वांनी पाहिले आहे.

दोन्ही पुस्तके एकत्र ठेवली की एक पोकळी दिसते. मराठीकडे शुश्रूषा आहे, कन्नडकडे समाजाची चिकित्सा आहे; पण रोग हटवण्याची कथा कोणाकडेच नाही. वास्तविक ती आपल्याच मुलखात घडली. हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि जानेवारी 1897 मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली. 1898 साली बडोदे संस्थानातल्या उंधेरा गावी त्यांनी प्रत्येक घरातल्या निम्म्या माणसांना लस टोचली. साथीने गाठलेल्या कुटुंबांत टोचलेल्या 71 जणांपैकी 3 दगावले, न टोचलेल्या 64 पैकी 26. त्याच वर्षी आपल्या शेजारच्या हुबळीत हजारो लोकांनी लस घेतली. एकाच छपराखाली एका भावाला लस आणि दुसऱ्याला नाही! या एका प्रसंगात एका मोठ्या कादंबरीचे बीज आहे. टोचणीची अफवा, भीती, संशय आणि शेवटी पटलेली खात्री या साऱ्याचे साक्षीदार आपल्या आजोबा-पणजोबांच्या पिढीत होते. ते गेले, आणि लिहिणारे रँडपाशीच थांबले.

प्लेग हा इतिहासजमा विषय, असे कोणी म्हणेल. तसे नाही. 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर, 1994 साली बीड जिल्ह्यात गाठीचा ताप पुन्हा दिसला आणि पाठोपाठ सुरतेत फुप्फुसाचा प्लेग आला. लोक लाखांनी शहर सोडून पळाले. पण या वेळी प्रतिजैविके हाताशी होती. वेळेवर दिली तर बहुतेक रोगी वाचतात. त्या घटनेनंतर सुरत शहराने स्वच्छतेचा जो कायापालट केला तो देशभर नावाजला गेला. औषध आले, झाडू आला. पुस्तक आले नाही.

आपल्याकडे साथ आली की मरीआईचा गाडा वाजतगाजत शिवेबाहेर नेऊन सोडण्याची रीत होती. पुढच्या गावाने तो आणखी पुढे ढकलायचा. सीमेवर राहणाऱ्या आपल्याला या रीतीचा अर्थ अधिक चांगला कळायला हवा. रोग शीव मानत नाही, पाटीवरची भाषाही वाचत नाही. मराठी वाचकाने ‘संस्कार’ वाचावी आणि कन्नड वाचकाने लक्ष्मीबाईंना वाचावे, एवढे तरी दोन्ही भाषा जाणणाऱ्या आपल्या घरांतून सहज घडू शकते. आणि ज्यांच्या घरात प्लेगच्या सालाची एखादी आठवण, एखादे जुने पत्र किंवा टोचणीचा दाखला अजून असेल, त्यांनी तो जपून ठेवावा आणि जमल्यास लिहून काढावा. ती कादंबरी लिहिणारा उद्या कोणी आला, तर त्याच्या हाती एवढे तरी असेल.